डन्बार हायस्कूल : बंद दारांच्या आतली शाळा

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांची ओळख आपल्याला झाली ती मुख्यतः त्यांच्या कवितेमुळे, आणि 1972 साली स्थापन झालेल्या दलित पँथरने त्यांच्याकडून घेतलेल्या नावामुळे. म्हणून कापसाचे मळे, हार्लेम, मार्टिन ल्यूथर किंग एवढे आपल्याला ठाऊक असते. त्यांच्या शाळांकडे मात्र आपले फारसे लक्ष गेलेले नाही. वास्तविक 'गुणवत्ता' नावाचे जे हत्यार आपल्यावर रोज उगारले जाते, त्याचा विचार करताना वॉशिंग्टन शहरातल्या एका सरकारी हायस्कूलची हकीकत आपण वाचलीच पाहिजे.

वॉशिंग्टनमधील गुलामगिरी 1862 साली कायद्याने संपली. त्यानंतर अवघ्या आठ वर्षांनी, 1870 मध्ये, तेथील पंधराव्या रस्त्यावरच्या प्रेस्बिटेरियन चर्चच्या तळघरात कृष्णवर्णीय मुलामुलींसाठी हायस्कूल सुरू झाले. अमेरिकेतले त्यांचे हे पहिले सरकारी हायस्कूल. 1891 मध्ये त्याला एम स्ट्रीटवर स्वतःची इमारत मिळाली आणि रस्त्याचेच नाव शाळेला पडले. 1916 मध्ये आणखी मोठी इमारत उभी राहिली, तेव्हा एकेकाळी गुलाम असलेल्या आईबापांच्या पोटी जन्मलेल्या पॉल लॉरेन्स डन्बार या कवीचे नाव शाळेला दिले गेले. सरकारी शाळेला कवीचे नाव, तेही आपल्यातल्या कवीचे! आपल्याकडे असे किती ठिकाणी घडले, हे वाचकांनीच मोजावे.

गोऱ्यांच्या शाळा वेगळ्या, काळ्यांच्या वेगळ्या, असा त्या शहराचा शिरस्ता होता. 1899 साली शहरातल्या चार हायस्कूलांची एकच परीक्षा घेण्यात आली. त्यात या एकमेव काळ्या शाळेने गोऱ्यांच्या तीनपैकी दोन शाळांना मागे टाकले. आजही काही पंडित हा आकडा पुढे करून विचारतात की मग वेगळे ठेवण्यात वाईट काय होते?

याचे उत्तर शिक्षकांच्या खोलीत सापडते. शाळेच्या आरंभीच्या मुख्याध्यापकांत मेरी जेन पॅटरसन होत्या. पदवी मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री म्हणून 1862 पासून त्यांचे नाव घेतले जाते. रिचर्ड ग्रीनर हे हार्वर्ड कॉलेजचे पहिले कृष्णवर्णीय पदवीधर. तेही येथे मुख्याध्यापक होते. हार्वर्डची डॉक्टरेट मिळवलेले इतिहासकार कार्टर वुडसन येथे भाषा आणि इतिहास शिकवीत. 1921 साली अमेरिकेत प्रथमच तीन कृष्णवर्णीय स्त्रियांना पीएच.डी. मिळाली. त्यांपैकी सेडी अलेक्झांडर या शाळेत शिकल्या होत्या, जॉर्जियाना सिम्पसन येथे शिकवीत होत्या आणि इव्हा डाइक्स यांनी दोन्ही केले होते. ही माणसे हायस्कूलच्या पोरांना व्याकरण का शिकवीत होती? कारण गोऱ्यांची विद्यापीठे त्यांना अध्यापक म्हणून दारात उभे करीत नव्हती. त्यातल्या त्यात वॉशिंग्टनमध्ये शिक्षकाचा पगार बरा होता, म्हणून देशभरातली विद्वत्ता या एका इमारतीत येऊन साचली. त्या शाळेची गुणवत्ता ही अन्यायाने अडवून धरलेल्या पाण्याची पातळी होती. पीएच.डी. होऊन तासिका तत्त्वावर राबणारे आपले मित्र ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे अधिक फोड करून सांगायला नको.

या शाळेच्या इतिहासात मला सर्वांत महत्त्वाच्या वाटतात त्या ॲना जुलिया कूपर. 1858 साली गुलाम आईच्या पोटी जन्मलेल्या कूपरबाई 1902 मध्ये येथे मुख्याध्यापिका झाल्या. त्या काळी बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या मताचा मोठा जोर होता. निग्रोंनी (हा तेव्हाचा शब्द) सुतारकी, लोहारकी, शेती शिकावी, लॅटिन आणि ग्रीक शिकून त्यांना काय करायचे आहे, असे गोऱ्या दात्यांनाही पटत होते. हातकामाच्या शिक्षणासाठी 1902 मध्येच आर्मस्ट्राँग नावाची दुसरी शाळा शहरात निघाली. हातकामात कमीपणा नाही, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. आपल्या बापजाद्यांनी दुसरे केले काय? प्रश्न असा आहे की कोणत्या मुलाने काय शिकायचे नाही, हे ठरवणारे हे लोक कोण? कूपरबाईंनी गोऱ्यांच्या हायस्कूलांत असलेला अभ्यासक्रम आपल्याही मुलांसाठी धरून ठेवला आणि मुलांना हार्वर्ड, येल, ब्राऊनसाठी तयार केले. परिणामी त्यांच्यावर शिस्त आणि क्रमिक पुस्तकांबाबतचे आरोप झाले, चारित्र्यावर कुजबुज झाली, आणि 1906 मध्ये त्यांचे पद गेले. बाई मोडल्या नाहीत. 1910 मध्ये त्याच शाळेत लॅटिनच्या साध्या शिक्षिका म्हणून त्या परतल्या, आणि नोकरी करता करता 1925 मध्ये, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, पॅरिसच्या सॉर्बोन विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांनी मिळवली.

त्याच सुमारास इकडे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये भीमराव आंबेडकर नावाच्या विद्यार्थ्याला संस्कृत घेऊ दिले गेले नाही. फारसी घ्यावी लागली. 1907 साली ते मॅट्रिक झाले. तीही सरकारीच शाळा होती. तिकडे लॅटिन, इकडे संस्कृत. भाषा वेगळ्या, दाराशी उभा असलेला माणूस एकच.

डन्बारमधले विद्यार्थी शहराच्या कानाकोपऱ्यातून ट्रामने येत. अभ्यास कडक, कपड्यांची आणि बोलण्याची शिस्त त्याहून कडक. मुलांची कॅडेट पलटण असे आणि तिच्या वार्षिक कवायतीच्या स्पर्धेला सगळी काळी वस्ती लोटे. त्या पलटणीत कवायत केलेले बेंजामिन डेव्हिस 1940 मध्ये अमेरिकी सैन्यातले पहिले कृष्णवर्णीय जनरल झाले. ॲमहर्स्ट कॉलेजात येथून मुले जाण्याची तर वाटच पडली होती. कायदेपंडित चार्ल्स ह्यूस्टन आणि विल्यम हेस्टी, रक्तद्रव साठवण्याच्या शास्त्राला वळण देणारे चार्ल्स ड्रू, सारे त्या वाटेने गेले. साहित्याच्या अभ्यासकांनी आणखी एक गोष्ट नोंदवावी. कादंबरीकार जेसी फॉसेट आणि कवयित्री ॲंजेलिना वेल्ड ग्रिम्के या येथे शिक्षिका होत्या. जीन टूमर आणि स्टर्लिंग ब्राऊन हे येथले विद्यार्थी. हार्लेममध्ये जे फुलले त्याची काही मुळे या वर्गांत होती.

एवढे सांगून थांबलो तर मी एक खोटे देऊळ बांधीन. काळ्या वॉशिंग्टनमध्येही वरचा थर होता. जुनी स्वतंत्र घराणी, उजळ कातडी, सरकारी नोकऱ्या, कोणत्या चर्चला जाता, यांवर माणसाची पायरी ठरे. डन्बार ही त्या थराची शाळा आहे, अशी तक्रार गरीब वस्तीत कायम होती. लँग्स्टन ह्यूज यांनी त्या शहरात दिवस काढल्यावर 1927 मध्ये या प्रतिष्ठित समाजाच्या तोऱ्यावर लेख लिहून चांगलेच कोरडे ओढले. आपल्यातला फ्लॅटमध्ये गेलेला आणि मागे वस्तीत राहिलेला, यांच्यामधले अंतर पाहताना मला हा लेख आठवतो. त्यात मी स्वतःला वगळत नाही.

या अंतराची कसोटी 1947 मध्ये लागली. शहरातल्या ब्राऊन ज्युनिअर हायस्कूलमध्ये काळी मुले दाटीवाटीने कोंबली होती आणि गोऱ्यांच्या शाळांत जागा रिकामी होती. गरीब पालकांनी मुलांना घरी ठेवून संप केला. त्यांचा पुढारी होता गार्डनर बिशप, धंद्याने न्हावी. शिकल्यासवरलेल्या काळ्यांवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता आणि तो ते तोंडावर सांगे. तरीही 1948 मध्ये तो एका वकिलाकडे गेला. तो वकील म्हणजे एम स्ट्रीट हायस्कूलमधून 1911 साली बाहेर पडलेले चार्ल्स ह्यूस्टन. त्यांनी पालकांचे काम अंगावर घेतले. आजारी पडल्यावर त्यांनी ते जेम्स नॅब्रिट यांच्याकडे सोपवले आणि 1950 मध्ये ते वारले. त्याच वर्षी सप्टेंबरात बिशप अकरा मुले घेऊन गोऱ्यांच्या नव्या सूसा ज्युनिअर हायस्कूलच्या दारात उभा राहिला. मुलांना परत पाठवण्यात आले. अधिक खोल्या द्या, अधिक बाके द्या, ही मागणी नॅब्रिट यांनी सोडून दिली. वेगळे ठेवणेच मुळात बेकायदा आहे, असा दावा त्यांनी लावला. 17 मे 1954 रोजी ब्राऊन खटल्याच्या जोडीनेच सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला.

निकालानंतर शहरभरातून मुले येणे थांबले आणि डन्बार आसपासच्या वस्तीची शाळा झाली. विद्वानांना इतर दारे उघडली तसे तेही हळूहळू पांगले. वस्ती गरीब होती. 'डन्बार घसरले' असे जुने विद्यार्थी हळहळून म्हणू लागले. आर्थिक तंगी, पुढची सरकारी धोरणे, वस्तीची झालेली हेळसांड हे सगळे खरेच आहे. पण ती वस्तीतली मुले 1954 पूर्वीही याच शहरात होती. फक्त त्यांचे गुण तेव्हा या शाळेच्या खात्यावर मांडले जात नव्हते. 1916 ची इमारत पाडू नये म्हणून माजी विद्यार्थी भांडले. 1977 मध्ये ती पाडलीच गेली. तिच्या जागी आलेली इमारतही टिकली नाही आणि 2013 मध्ये तिसरी उभी राहिली. नाव मात्र त्या कवीचेच आहे, आणि आजही तेथे त्याच वस्तीतली मुले शिकतात.