सीटी नॉर्मल आला, तरी रक्तवाहिनी पाहायची राहिली

मालेगावात एखाद्याचं तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलताना जीभ अडखळू लागली, की ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणत घरचे तेल चोळायला बसतात. तिथेच पहिला तास जातो. दवाखान्यात पोहोचल्यावर साधा सीटी स्कॅन होतो आणि मेंदूत रक्तस्राव आहे की नाही, ते लगेच कळतं. पण गुठळीने रक्तवाहिनी बंद झाली असेल, तर सुरुवातीच्या काही तासांत हाच सीटी पुष्कळदा नॉर्मल दिसतो. घरचे निर्धास्त होतात. हा निर्धास्तपणा फार महागात पडतो.

कोणती वाहिनी कुठे बंद आहे, हे दाखवते सीटी अँजिओग्राफी. कोपरापाशी शिरेत जाड सुई लावतात, यंत्र आयोडीनयुक्त औषध वेगाने आत सोडतं, सर्वांगातून गरम लाट गेल्यासारखं वाटतं आणि काही सेकंदांत छातीपासून टाळूपर्यंतच्या रक्तवाहिन्यांची चित्रं निघतात. पॉवरलूमवर ताण्यातला तुटलेला धागा कारागिराच्या नजरेला जसा चटकन सापडतो, तशी मध्येच खुंटलेली वाहिनी इथे दिसते.

ही वाट 1927 साली लिस्बनमध्ये एगास मोनिझ यांनी उघडली. मानेतल्या धमनीत औषध टोचून त्यांनी क्ष-किरणांवर मेंदूच्या वाहिन्या प्रथम पाहिल्या. सुरुवातीच्या प्रयोगांत एक रुग्ण दगावलाही. आज मांडीतून किंवा मनगटातून बारीक नळी नेऊन डीएसए ही अँजिओग्राफी करतात. वाहिनीला आलेला फुगा बारकाईने पाहायला अजूनही त्याच्याइतकी खात्रीची तपासणी नाही.

बाळंतिणीची गोष्ट वेगळी. बाळंतपणानंतर असह्य डोकेदुखी किंवा झटके आले, तर मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या शिरांमध्ये गुठळी असू शकते. त्यासाठी शिरांचा एमआर किंवा सीटी व्हेनोग्राम लागतो. ‘बाळंतवारा’ म्हणून तो टाळू नये.

गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. मोठी वाहिनी बंद असेल, तर नळीने गुठळी ओढून काढता येते. 2015 मध्ये एकापाठोपाठ आलेल्या चाचण्यांनी हा उपचार पक्का केला आणि निवडक रुग्णांत तो 24 तासांपर्यंतही होतो. मालेगावहून नाशिक शंभर किलोमीटरच्या वर, धुळे त्याच्या निम्म्यावर. गाडी कोणत्या दिशेला वळवायची, हे अंतरापेक्षा वाहिनीच्या चित्रावर ठरायला हवं. म्हणून ते चित्र पहिल्या सीटीबरोबरच, त्याच टेबलावर निघावं. वाहिनी पाहायला रुग्णाला पुन्हा दुसऱ्या गावी झोपवणं म्हणजे मेंदूचा भाग गमावणं.

लक्षण दिसताच घड्याळ पाहा, 108 ला फोन करा. इंजेक्शन सुरू होऊ द्या, पण ‘अँजिओग्राफी झाली का?’ हेही विचारा. पुढच्या दवाखान्यात गुठळी काढायची सोय आहे का, याची खात्री निघण्याआधी फोनवर करा आणि स्कॅनची सीडी सोबत घ्या.