इंडोनेशियाने सर्वाधिक लोकांची भाषा राष्ट्रभाषा का केली नाही?

इंडोनेशियात नवऱ्याला 'सुआमी' म्हणतात, बायकोला 'इस्त्री' आणि भाषेला 'बहासा'. ओळखीचं वाटतंय ना? हे शब्द संस्कृतातून तिकडे गेले आणि आज तिथल्या राष्ट्रभाषेत, 'बहासा इंडोनेशिया'मध्ये रुळले आहेत. गंमत म्हणजे ही भाषा देशातल्या सर्वांत मोठ्या समाजाची नाहीच!

डच राजवटीत जावानीज बोलणारे साधारण ४० टक्क्यांच्या पुढे होते, तर मलय मातृभाषा असलेले जेमतेम ५ टक्के. तरीही २८ ऑक्टोबर १९२८ रोजी बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, जमलेल्या तरुणांनी एक देश आणि एक राष्ट्र यांच्यासोबत ज्या भाषेची शपथ घेतली, ती मलयच होती. फक्त नाव नवं. 'देश इंडोनेशिया, तर भाषाही इंडोनेशियनच म्हणा', असा आग्रह मोहम्मद ताब्रानी यांनी १९२६ मध्येच धरला होता.

मग जावानीज का नको?

मराठीत तू, तुम्ही, आपण एवढ्यावर भागतं. जावानीजमध्ये समोरच्याचा मान पाहून 'खाणे', 'झोपणे' हे शब्दसुद्धा बदलावे लागतात. सगळे समान म्हणणाऱ्या चळवळीला हे जड जाणारच. शिवाय जावानीज लादली असती, तर सुमात्रा, सुलावेसीच्या लोकांना ते जावाचं राज्य वाटलं असतं. मलय मात्र शतकानुशतकं बंदरांवरची व्यापाराची भाषा होती. डचांच्या कारभारातही ती चालायची.

१९४२ मध्ये जपानी सैन्य आलं आणि डच भाषेवर बंदी आली. शाळा, कचेऱ्यांमध्ये मलय शिरली, नवे पारिभाषिक शब्द घडवायला समिती बसली. १९४५ च्या राज्यघटनेत कलम ३६ ने तिला राज्यभाषा केलं. २०२३ मध्ये ती युनेस्कोच्या सर्वसाधारण परिषदेची अधिकृत भाषाही झाली.

या यशाची किंमत मात्र ७०० हून अधिक स्थानिक भाषा मोजत आहेत. घटना त्यांच्या जतनाची भाषा करते, पण शाळा, नोकरी, टीव्ही सगळं इंडोनेशियनमध्ये. शहरांतले आईबाप मुलांशी घरीही तीच बोलतात. कोट्यवधींची जावानीजही यातून सुटलेली नाही. तिचं आदरार्थी रूप अनेक तरुणांना नीट येत नाही. मग आजी-आजोबांसमोर चुकून अपमान नको, म्हणून ते सरळ इंडोनेशियनमध्ये बोलतात.