पत्र्याचे टेबल आणि चार आद्याक्षरे

ऑलिवेत्ती म्हटले की टंकलेखन यंत्र आठवते. या इटालियन कंपनीने कचेरीतली टेबले-खुर्च्याही केल्या, हे फारसे कुणाच्या लक्षात नसते. मला मात्र त्या टेबलांचा इतिहास यंत्रांपेक्षा अधिक बोलका वाटतो.

तुरीनजवळच्या इव्रेआ गावात कामिल्लो ऑलिवेत्ती या विद्युत अभियंत्याने 1908 साली कारखाना काढला. यंत्रे खपू लागली तसा कचेऱ्यांतला कागद वाढला. कार्बन घालून एकेका पत्राच्या चार-चार प्रती निघू लागल्या. त्या लावून ठेवायच्या कुठे? 1930च्या सुमारास कंपनीने ‘सिंथेसिस’ या नावाने कागदपत्रांची कपाटे काढली, आणि पुढे तस्कनीतल्या मास्सा इथे या विभागाचा कारखाना उभा राहिला. (आपल्याकडे क्रम उलटा: गोदरेजची पोलादी कपाटे आधी आली, टंकलेखन यंत्र 1955 साली.)

कामिल्लोंचे पुत्र आद्रियानो यांना कारखान्याच्या कुंपणाबाहेरही पाहायची सवय होती. कामगारांसाठी ग्रंथालय, मुलांसाठी पाळणाघर, राहायला घरे, हे सारे त्यांनी उद्योगाचाच भाग मानले. 1936-37मध्ये आओस्ता खोऱ्याच्या विकासाचा आराखडा त्यांनी तरुण वास्तुरचनाकारांकडून करून घेतला. त्यांत मिलानचे चौघे मित्र होते: बान्फी, बेल्जोयोझो, पेरेस्सुत्ती आणि रॉजर्स. चौघांच्या आद्याक्षरांवरून त्यांच्या संस्थेचे नाव बीबीपीआर.

मग युद्ध आले. ज्यू असल्यामुळे रॉजर्स यांना स्वित्झर्लंड गाठावे लागले. बान्फी आणि बेल्जोयोझो यांना नाझींनी माउटहाउझेनच्या गुझेन छावणीत नेले. बेल्जोयोझो परतले. बान्फी 1945च्या एप्रिलमध्ये, सुटका काही आठवड्यांवर आली असताना, तिथेच गेले. उरलेल्या तिघांनी संस्थेचे नाव बदलले नाही. गेलेल्या मित्राचा ‘ब’ कायम राहिला. 1946 साली त्यांनी मिलानच्या स्मशानभूमीत छावण्यांतल्या मृतांचे स्मारक उभारले. दगडी पुतळा नव्हे, तर पोलादी नळ्यांची एक उघडी चौकट, काही संगमरवरी फलक आणि मधोमध माउटहाउझेनची माती.

याच तिघांकडे आद्रियानोंनी सिंथेसिसचे टेबल सोपवले. त्यातून ‘स्पात्सियो’ ही मालिका आली. स्पात्सियो म्हणजे अवकाश. पोलादी पत्र्याचे ठरावीक सुटे भाग; ते वेगवेगळ्या रीतीने जोडून हवे तसे टेबल उभे करायचे. त्या काळच्या साहेबाचे टेबल म्हणजे कोरीव लाकडाचा किल्ला. समोर उभ्या राहिलेल्या माणसाने आपली पायरी ओळखावी, यासाठीच जणू ते घडवलेले. स्पात्सियोत असला रुबाब नाही. स्मारकाची चौकट आणि टेबलाची चौकट यांचा थेट संबंध कुणी सांगितल्याचे मला ठाऊक नाही, पण डामडौलाचा दोन्हींकडे असलेला तिटकारा एकाच हातांचा आहे. 1962 साली स्पात्सियोला ‘कोम्पास्सो दोरो’ हा इटलीतला मानाचा पुरस्कार मिळाला. आद्रियानो तो पाहायला नव्हते. 27 फेब्रुवारी 1960 रोजी मिलानहून लोझानला जाणाऱ्या आगगाडीत त्यांचे निधन झाले होते.

पुढचा अध्याय एत्तोरे सोत्सास यांचा. 1961 साली ते भारतात फिरून गेले, त्यानंतर गंभीर आजारी पडले. आद्रियानोंचे पुत्र रोबेर्तो यांनी त्यांच्या अमेरिकेतील उपचारांची व्यवस्था केली. बरे झाल्यावर त्यांनी मातीच्या भांड्यांची जी मालिका केली, तिचे नाव ‘शिवाला अर्पण’. याच माणसाने 1970च्या दशकाच्या आरंभी ‘सिंथेसिस 45’ आखली. टेबल, खुर्ची, इतकेच काय, रक्षापात्र आणि छत्र्या ठेवायची नळीसुद्धा एकाच कुळातली. खुर्चीचा प्लॅस्टिकचा पाया झगझगीत पिवळा. कचेरी करडीच असली पाहिजे, असे कोण म्हणतो, असा त्यात खट्याळपणा आहे.

2018 साली युनेस्कोने इव्रेआला जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्या यादीत कारखाने आणि घरे आहेत. पिवळ्या पायांच्या खुर्च्या जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यांकडे मिळतात.