लढाऊ विमानांचे बारसे



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, ते नवा शब्द शिकवताना प्रथम विचारीत, "हे नाव कोणी ठेवले, आणि का?" त्याच प्रश्नाचा आधार घेऊन मी आज लढाऊ विमानांच्या नावांविषयी चार शब्द सांगणार आहे.

१९६१ च्या डिसेंबरात मी सहा-सात वर्षांचा होतो आणि डिचोलीत राहत होतो. दोडामार्गाकडून भारतीय सैन्य येत असल्याची कुजबुज घराघरांत चालली होती. एके सकाळी आकाशात घरघर ऐकू आली. आजोबा अंगणात धावले आणि म्हणाले, "आपली विमानं!" १८ डिसेंबरला कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले आणि हंटर विमानांनी बांबोळीचे बिनतारी केंद्र उद्ध्वस्त केले, हे मी पुढे वाचले. कॅनबेरा हे ब्रिटिश बॉम्बफेकी विमान. ऑस्ट्रेलिया हे त्याचे पहिले परदेशी गिऱ्हाईक, म्हणून त्या देशाच्या राजधानीचे नाव त्याला मिळाले. हंटर, म्हणजे शिकारी, हे लढाऊ विमानही ब्रिटिशच. आजोबांची 'आपली' विमाने दुसऱ्यांनी घडविली होती आणि त्यांचे बारसेही दुसऱ्यांनीच केले होते.

प्रत्येक देशाची नाव ठेवण्याची रीत निराळी. दाबोळीवरून आपल्या नौदलाने उडविलेली सी हॉक आणि सी हॅरियर ही नावे शिकारी पक्ष्यांची. हॅरियर म्हणजे हिवाळ्यात शेतांवरून सखल उडत भक्ष्य शोधणारा आपला भोवत्या. झोताची तोंडे खाली वळवून सरळ वर उचलले जाणारे हे विमान १९८३ मध्ये आले आणि मे २०१६ मध्ये दाबोळीसच निवृत्त झाले. त्याची जागा घेणाऱ्या मिग विमानाच्या नावात मात्र काव्य नाही. मिकोयान आणि गुरेविच या दोन रचनाकारांच्या नावांची ती आद्याक्षरे होत. मधला 'इ' म्हणजे रशियन भाषेतील 'आणि'.

आपण काय केले? विकत घेतलेल्या विमानांना आपली नावे दिली. फ्रेंच 'ऊरागां' म्हणजे झंझावात. तो 'तूफानी' झाला. जॅग्वार 'शमशेर' झाले, मिराज 'वज्र' झाले. 'नॅट' म्हणजे चिलट. त्याची सुधारित आवृत्ती बेंगळुरास तयार झाली, तेव्हा तिचे नाव पडले 'अजित'. परंतु नाव बदलणे आणि वस्तू घडविणे यांत मोठे अंतर असते.

ते अंतर कापण्याचा पहिला मोठा यत्न म्हणजे 'मरुत'. जर्मन रचनाकार कुर्ट टँक यांच्या मार्गदर्शनाखाली बेंगळुरास घडलेले हे विमान १७ जून १९६१ रोजी, म्हणजे गोवामुक्तीच्या सहा महिने आधी, प्रथम उडाले. नाव वाऱ्याचे होते. पण ज्या जोरकस इंजिनाच्या भरवशावर आराखडा केला, ते ब्रिटनमध्ये पूर्णत्वास गेलेच नाही. दुबळ्या इंजिनावर मरुतला योजिलेला वेग कधी गाठता आला नाही. तरीही १९७१ च्या युद्धात त्याने चोख कामगिरी बजावली.

दुसरा यत्न 'तेजस'चा. हे हलके लढाऊ विमान ४ जानेवारी २००१ रोजी प्रथम उडाले आणि २००३ मध्ये पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयींनी त्याचे नामकरण केले. १ जुलै २०१६ रोजी ते वायुदलाच्या तुकडीत दाखल झाले, तेव्हा संरक्षणमंत्री होते आपले मनोहर पर्रीकर. १३ सप्टेंबर २०१९ रोजी तेजसच्या नाविक आवृत्तीने दाबोळीच्या चाचणीतळावर शेपटाकडील आकडा तारेत अडकवून थोड्या अंतरात थांबण्याची कसोटी पार केली. पुढच्या जानेवारीत ती 'विक्रमादित्य' नौकेवरही उतरली. तथापि तेजसचे इंजिन अमेरिकन आहे. १९८९ मध्ये हाती घेतलेले 'कावेरी' इंजिन त्यात बसू शकले नाही. मरुतची उणीव अद्याप पुरती भरून निघालेली नाही.

आज या पेडणे तालुक्यात मोपाचा विमानतळ पर्रीकरांचे नाव वागवीत आहे. तेथून उडणारे विमान पाहून एखादा विद्यार्थी गुरुजींचा प्रश्न विचारील. त्याने आणखी एक प्रश्न जोडावा, अशी माझी विनंती आहे: "याचे इंजिन कोणी घडविले?" त्याचे उत्तर 'आम्ही' असे येईल, त्या दिवशी माझ्या आजोबांचा 'आपली' हा शब्द खरा ठरेल.