हलणारा दात आणि बधिर ओठ

दाढ दुखली की आपण लवंग धरतो, फार झाले तर दाढ उपटून घेतो. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतेही. परंतु दाढ काढूनही सूज हटली नाही, न किडलेले दात हलू लागले, किंवा खालचा ओठ व हनुवटी बधिर झाली, तर वाट पाहू नये. जबड्यातील नस दाबली गेल्यास असा बधिरपणा येतो. क्वचित त्यामागे ऑस्टिओसार्कोमा, म्हणजे हाडाचा कर्करोग असतो. पायाच्या हाडात तो बहुधा पोरवयात होतो. जबड्यात मात्र तिशी-चाळिशीत.

एक्स-रे काढावा, डॉक्टरांनी सांगितल्यास तुकडा तपासायला द्यावा. 'सुरी लागली की गाठ पसरते' असे मिस्सेनंतर अंगणात मी कितीदा ऐकतो! या भीतीपायी मोलाचे महिने वाया जातात.

मुख्य इलाज शस्त्रक्रियेचा. गाठ भोवतालच्या निरोगी भागासकट काढतात. गरजेप्रमाणे केमोथेरपी देतात. गेलेल्या जबड्याच्या जागी नडगीशेजारचे बारीक हाड बसवता येते, आणि माणूस पुन्हा चालतोही. जबड्यातील हा रोग फुप्फुसात त्या मानाने कमी पसरतो, पण कडेला थोडा उरला तरी तेथेच उलटतो. म्हणून पहिलीच शस्त्रक्रिया कर्करोगाच्या जाणत्या रुग्णालयात करावी. मुंबईचे टाटा रुग्णालय १९४१ पासून हेच काम करीत आहे. निघताना जुने एक्स-रे बरोबर न्यावेत.