ऑपरेशनच्या अलीकडे-पलीकडे

७.३०. स्त्रियांच्या सर्जरी वॉर्डात रात्रपाळीच्या सिस्टरकडून ओव्हर घेते, प्रत्येक खाटेजवळ उभं राहून. आज ओटीच्या यादीत तिघी आहेत: हर्निया, थायरॉइडची गाठ आणि पित्ताशयातले खडे.

७.४५. खड्यांच्या मावशींचा नंबर शेवटचा, म्हणजे बाराच्या आत लागणार नाही. काल रात्री आठला भाकरी खाल्ली, त्यानंतर पाण्याचा थेंब नाही. ओठ सुकलेत, डोकं ठणकतंय. ‘रात्री बारापासून काही नाही’ हे वाक्य सरसकट सगळ्यांना सांगून टाकतात, मग नंबर सकाळी नऊचा असो की दुपारी दोनचा. भूलशास्त्राच्या मार्गदर्शक सूचना वेगळं सांगतात: हलकं खाणं भुलेच्या ६ तास आधीपर्यंत आणि पाणी किंवा बिनदुधाचा चहा २ तास आधीपर्यंत चालतो. आतड्यात अडथळा असेल किंवा पोट उशिरा रिकामं होत असेल, तर गोष्ट निराळी. म्हणून भूलतज्ज्ञ मॅडमना फोन लावते. “साडेनऊपर्यंत साधं पाणी द्या,” त्या म्हणतात.

मावशी पेल्याला हात लावेनात. “नको गं बाई, ऑपरेशन बिघडायचं.” मॅडमनीच सांगितलंय म्हटल्यावर घोट घोट करत अख्खा पेला संपवतात. केसपेपरवर वेळ लिहिते. यादीचा क्रम आदल्या संध्याकाळीच वॉर्डात आला पाहिजे आणि उपासाचे तास प्रत्येकीचे वेगळे मोजले पाहिजेत, असं माझं ठाम मत आहे. त्याला पैसा लागत नाही.

८.३०. हर्नियाच्या ताईंना तयार करायचं. केस क्लिपरने काढायचे, वस्तरा लावायचा नाही. वस्तऱ्याने कातडीवर बारीक ओरखडे पडतात आणि तिथे जंतूंना जागा मिळते. “कुठल्या बाजूचं?” हे केसपेपर वाचून नाही, ताईंनाच विचारते. त्या उजव्या जांघेवर हात ठेवतात. खूण तिथेच आहे ना, बघून घेते.

९.१५. ओटीच्या दारात नाव, बाजू, ॲलर्जी पुन्हा एकदा. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये आणलेली ही चेकलिस्ट भुलेआधी, चीर देण्याआधी आणि ओटी सोडण्याआधी मोठ्याने वाचायची. दिल्लीसह जगातल्या आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आलं. अँटिबायोटिकचं इंजेक्शनही चिरेच्या आधीच्या तासाभरातच. पहाटे वॉर्डात देऊन टाकलं, तर ऐन वेळी त्याचा जोर ओसरलेला असतो.

११.३०. ताई परत आल्या. कुडकुडताहेत, आधी ब्लँकेट. मग बीपी, नाडी, ड्रेसिंग.

“दुखतंय का?”

“सोसतंय.”

आमच्याकडच्या बायकांचं हे ठरलेलं उत्तर. दहापैकी किती, असं विचारून उपयोग होत नाही. “ताई, जरा खोकून दाखवा बघू.” त्या श्वास रोखतात, मूठ आवळतात, खोकला घशातच राहतो. हेच खरं माप. खोकवत नसेल तर कफ साचतो, त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. डॉक्टरांना सांगून वेदनाशामक ठरल्या वेळी लिहून घेते, ‘लागल्यास’ नाही.

१२.३०. काल आतड्याचं ऑपरेशन झालेल्या आजींना चालवायचं. लेक कळवळते, “सिस्टर, पडू द्या की तिला.” पडून राहिल्याने पायात रक्ताच्या गुठळ्या होतात, ताकद जाते. कोपनहेगनचे सर्जन हेन्रिक केहलेट यांनी १९९० च्या दशकात हेच दाखवून दिलं: वेदना आटोक्यात ठेवा, लवकर खायला द्या, लवकर चालवा, माणूस लवकर घरी जातो. एका हाताला लेक, दुसऱ्या हाताला मी, सलाईनचा स्टँड वॉर्डाच्या आयाबाईंकडे. आजी खिडकीपर्यंत जातात. मग प्लास्टिकच्या तीन गोळ्यांच्या यंत्रातून श्वास ओढायचा व्यायाम. दुसरी गोळी अर्ध्यावर उचलली जाते.

१.३०. एक डिस्चार्ज. सासूबाई बजावताहेत, “भात-डाळ बंद, टाके पिकतील.” त्यांनाच जवळ बसवते. डाळ, अंडी, दूध यांनीच जखम भरते. ताप, पू, जखमेभोवती वाढती लाली किंवा पोटरीला सूज दिसली, तर तपासणीची तारीख न बघता यायचं. त्यांच्याकडूनच परत म्हणवून घेते.

२.३०. ओव्हर देते. आजींची लघवीची नळी उद्या सकाळी काढायची, डॉक्टरांना विचारून ठेवलंय. खड्यांच्या मावशी ओटीतून यायच्या आहेत. हर्नियाच्या ताईंना सहाला गोळी, मागितली नाही तरी.