अफुनाक्वाची अंगाई

विद्युत्-वाद्यांचा नाचता ठेका आणि त्यावर तरंगणारा एका स्त्रीचा निर्व्याज स्वर! ‘डीप फॉरेस्ट’ या फ्रेंच जोडीचे ‘स्वीट लल्लबाय’ १९९२ साली आले आणि नृत्यगृहांपासून दूरचित्रवाणीच्या जाहिरातींपर्यंत घुमले. एरिक मूके व मिशेल सांशेझ यांच्या कौशल्याविषयी वाद नाही. ते ऐकताना प्रस्तुत लेखकाचीही मान डोलते. प्रश्न आहे तो त्या स्वराचा.

तो स्वर सॉलोमन बेटांपैकी मलाइता येथील अफुनाक्वा या स्त्रीचा. ह्यूगो झेंप या संगीत-अभ्यासकाने १९७० च्या सुमारास तिच्या तोंडून ‘रोरोग्वेला’ ही अंगाई ध्वनिमुद्रित केली. पोरक्या झालेल्या लहानग्याची समजूत काढणारी ही अंगाई १९७३ साली युनेस्कोच्या मालिकेत प्रसिद्ध झाली, आणि तेथून या जोडीने ती उचलली. झेंप यांनी १९९६ साली त्याविरुद्ध जाहीर तक्रार केली. उत्पन्नातील काही वाटा आफ्रिकेतील पिग्मींच्या मदतनिधीला देण्याचे औदार्य या जोडीने दाखविले खरे. परंतु अफुनाक्वाचा मुद्रिकेवर नामोल्लेखही नव्हता.

स्वामित्वहक्काचा कायदा गीताचा कर्ता कोण, हे आधी विचारतो. परंपरेने आलेल्या गीताला असा कर्ता दाखविता येत नाही, म्हणून ते बेवारस ठरते. तथापि गीत परंपरेचे असले, तरी गळा अफुनाक्वाचाच होता ना?

पुढे नॉर्वेचे सॅक्सोफोनवादक यान गार्बारेक यांनी १९९६ साली हीच चाल वाजविली आणि तिला नाव दिले ‘पिग्मी लल्लबाय’. पॅसिफिकमधील बेटावरची अंगाई अशा रीतीने आफ्रिकेच्या अरण्यात जाऊन पोचली!